तीन मिनिटांचा आकडा: तोहोकू भूकंप आणि त्सुनामी, ११ मार्च २०११

११ मार्च २०११. दुपारी २ वाजून ४९ मिनिटांनी जपानच्या हवामान संस्थेने त्सुनामीचा इशारा दिला. मियागी प्रांतात ६ मीटर, इवाते आणि फुकुशिमा प्रांतांत ३ मीटर. भूकंप सुरू झाला होता २ वाजून ४६ मिनिटे १८ सेकंदांनी. म्हणजे समुद्राखाली खडक तुटायला लागल्यापासून तीन मिनिटांच्या आसपास किनाऱ्यावरच्या लोकांसाठी लाटेच्या उंचीचा अंदाज तयार होता. इतकी चपळ यंत्रणा तेव्हा जगात क्वचितच कुठे होती. पण इशारा निघाला तेव्हा तो भूकंप स्वतः जेमतेम थांबत होता.

त्यानंतर इवातेतल्या मियाको बंदरातला भरतीमापक ८.५ मीटरची नोंद करून बंद पडला. त्याच किनाऱ्यावर काही दऱ्यांमध्ये पाणी डोंगरउतारावर चाळीस मीटरच्या आसपास चढलं. इशारा होता ३ मीटरचा.

या तफावतीचा हिशोब मांडायचा तर चूक कोणाची हा प्रश्न फार दूर नेत नाही. जपानच्या संस्थेने इशारा देताना भूकंपाचं परिमाण, म्हणजे तो किती मोठा हे सांगणारा आकडा, ७.९ धरलं होतं. हवाईतल्या प्रशांत महासागर त्सुनामी इशारा केंद्राचाही पहिला अंदाज तोच होता. दोन स्वतंत्र केंद्रं एकाच आकड्यावर अडकली, तेव्हा गोम माणसांपेक्षा मोजण्याच्या रीतीत असणार. तीन मिनिटांत जमीन आपल्याला काय सांगते आणि काय सांगायचं ठेवते, हे बघायला या भूकंपाइतकं नीट नोंदलं गेलेलं प्रकरण दुसरं नाही.

तळाशी

जपानच्या ईशान्येला समुद्रात सात किलोमीटरहून खोल अशी जपान गर्ता आहे. तिथे प्रशांत भूपट्ट वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर या गतीने पश्चिमेकडे सरकत होन्शू बेटाखाली घुसतो. नखं वाढतात त्याच्या दुपटीहून थोडी जास्त गती. पण घुसणं सरळ होत नाही. दोन पट्टांच्या सांध्यावर मोठमोठे भाग एकमेकांना चिकटून बसलेले असतात. खालचा पट्ट सरकतच राहतो आणि जाता जाता वरच्या पट्टाची कड सोबत ओढून वाकवतो. शतकानुशतकं हे वाकणं साठत जातं. सांधा सुटला की वाकलेली कड उसळून पूर्ववत होऊ पाहते. भूकंप म्हणजे हे सुटणं.

त्या दिवशी सुटायला सुरुवात झाली ओशिका द्वीपकल्पापासून सुमारे १३० किलोमीटर पूर्वेला, २४ किलोमीटर खोलीवर. या बिंदूला भूकंपनाभी म्हणतात आणि बातम्यांमध्ये नकाशावर तेवढंच एक लाल वर्तुळ दिसतं. तिथेच पहिला घोटाळा होतो. नाभी म्हणजे भूकंप नव्हे. ती फक्त टाका उसवायची जागा. प्रत्यक्षात उसवलेला सांधा साधारण ४५० किलोमीटर लांब आणि २०० किलोमीटर रुंद होता, आणि तो एकदम उसवला नाही. पहिली चाळीसेक सेकंदं तूट तशी संथपणे पसरली. मग ती उताराने वर, गर्तेच्या दिशेने गेली आणि तिथे सर्वांत मोठी सरक झाली. नंतर ती दक्षिणेकडे फुकुशिमा आणि इबाराकीच्या किनाऱ्यासमोर पोहोचली. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास.

सरक किती? ओशिका द्वीपकल्पावरचं जीपीएस केंद्र ५.३ मीटर पूर्वेला गेलं आणि १.२ मीटर खचलं. हे जमिनीवरचं. नाभीजवळच्या समुद्रतळावर जपानच्या तटरक्षक दलाने आधीपासून बसवलेल्या खुणा होत्या. जहाजावरून ध्वनिलहरी सोडून त्यांची जागा मोजली, तर एक खूण २४ मीटर सरकलेली आणि ३ मीटर उचललेली निघाली. गर्तेच्या अगदी कडेला, भूकंपाआधी आणि नंतर काढलेले समुद्रतळाचे नकाशे एकमेकांवर ठेवले तेव्हा आडवी सरक ५० मीटरच्या घरात आली. वरच्या पट्टाचा पुढचा भाग समुद्राकडे झेपावला, तसा मागचा भाग ताणला जाऊन बसका झाला. त्यामुळे किनारा लाट येण्यापूर्वीच मीटरभर खाली गेलेला होता. समुद्रभिंती, बंदरांचे धक्के, सगळं त्या मीटरने बुटकं झालं. त्या क्षणी हे कोणालाच माहीत नव्हतं.

लहरी

खडक तुटतो तेव्हा त्यातून निघणारी बातमी दोन वेगांनी प्रवास करते. आधी येतात प्राथमिक लहरी, म्हणजे पी लहरी. यात खडक प्रवासाच्या दिशेनेच दाबला आणि सैल होत जातो, ध्वनीसारखा. भूकवचात त्यांचा वेग सेकंदाला सहा ते सात किलोमीटर. मागून येतात दुय्यम, म्हणजे एस लहरी. यात खडक प्रवासाच्या दिशेला आडवा हलतो. त्यांचा वेग सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटर. घरं पाडण्याचं काम बहुतेक वेळा यांचं आणि यांच्या पाठोपाठ पृष्ठभागाला धरून येणाऱ्या पृष्ठीय लहरींचं. पी लहर हा आधी पोहोचणारा निरोप्या. भूकंपाच्या पूर्वसूचनेची सगळी मदार या दोघींमधल्या अंतरावर असते. अंतर जितकं जास्त तितका वेळ जास्त हातात.

इशिनोमाकीजवळच्या केंद्रावर पहिली पी लहर उमटली ती २ वाजून ४६ मिनिटे ४० सेकंदांनी, म्हणजे तूट सुरू झाल्यावर २२ सेकंदांनी. तिथून ८.६ सेकंदांत लोकांसाठी धक्क्याची पूर्वसूचना निघाली. सेंदाईत जोराचं हादरणं सुरू व्हायला तेव्हा दहा-पंधरा सेकंद होते. टोकियोच्या दृष्टीने मिनिटभराहून अधिक वेळ होता, पण टोकियोसाठी सूचना निघालीच नाही. कारण त्या घडीला संगणकाच्या मते भूकंप तेवढा मोठा नव्हता.

संगणकाचे अंदाज कसे चढत गेले ते बघण्यासारखं आहे. पहिला अंदाज होता ४.३. लोकांना सूचना देताना ७.२. ही यंत्रणा शेवटी ८.१ वर थांबली. यात बिघाड काही नव्हता. पहिल्या सेकंदांत भूकंप खरोखर तेवढाच होता. मोठा भूकंप लहान भूकंपासारखाच सुरू होतो आणि किती मोठा व्हायचं हे त्याचं त्यालाही बहुधा ठाऊक नसतं. तूट पुढे सरकत राहते की एखाद्या आडव्या आलेल्या भागाशी अडते, यावर सगळं अवलंबून.

याच भूकंपाच्या पृष्ठीय लहरींनी ओसाकात एक वेगळाच धडा दिला. ओसाका अपिकेंद्रापासून, म्हणजे नाभीच्या बरोबर वरच्या पृष्ठभागावरच्या जागेपासून, सातशेहून अधिक किलोमीटर दूर. तिथे रस्त्यावरच्या माणसाला धक्का फारसा जाणवलाही नाही, पण साकिशिमा बेटावरची २५६ मीटर उंचीची, ५५ मजल्यांची सरकारी इमारत सुमारे दहा मिनिटं डुलत होती. माथ्यावर एका बाजूला मीटरभराहून जास्त झुकत. लांब अंतर कापताना जलद कंप वाटेतच विरतात, संथ कंप मात्र टिकून राहतात. त्या खाडीकाठच्या मऊ गाळाचा आणि त्या उंच इमारतीचा नैसर्गिक झोका साधारण त्याच आवर्तकाळाचा, म्हणजे एका हेलकाव्याला तेवढाच वेळ घेणारा निघाला. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलके हलके ढकलत राहिलं की झोका वाढतो, तसंच. संथ कंप दूरवर टिकतात, ही गोष्ट पुढच्या भागासाठी लक्षात ठेवावी लागेल.

७.९ कुठून आला

त्सुनामीच्या इशाऱ्यासाठी संस्थेकडे एक तयार कोठार होतं. समुद्रात कुठे, किती खोल आणि किती परिमाणाचा भूकंप झाला तर कुठल्या किनाऱ्यावर किती लाट येईल, याची सुमारे एक लाख गणितं आधीच करून ठेवलेली. भूकंप झाला की जागा, खोली आणि परिमाण टाकायचं, सर्वांत जवळचं गणित उचलायचं. तीन मिनिटांत इशारा देता येतो तो यामुळे. सगळी मदार मग परिमाणाच्या एका आकड्यावर येते.

तो आकडा जमिनीच्या हेलकाव्याच्या उंचीवरून काढला जातो, आणि तोही काही सेकंदांच्या आवर्तकाळाच्या हेलकाव्यांवरून. मध्यम भूकंपांना ही रीत चोख लागू पडते. आठच्या आसपास मात्र ती थकते. कल्पना करा, कोणीतरी पडद्याआड कापड फाडतंय आणि तुम्ही फक्त आवाजावरून सांगायचं की किती फाडलं. हातभर फाडा नाहीतर अख्खं ठाण फाडा, टर्रर्र आवाजाची पट्टी तीच राहते. फरक पडतो तो आवाज किती वेळ चालला यात. भूकंपाचंही तसंच. सांध्याच्या एकेका तुकड्यातून निघणारे जलद कंप ठरावीक उंचीच्या पुढे जात नाहीत. सांधा लांब असेल तर ते कंप जास्त वेळ चालतात, आणि सोबत मोठमोठे संथ कंप तयार होतात, ज्यांच्याकडे ही रीत बघतच नाही. म्हणून आकडा ७.९ ला येऊन तुंबला.

खरं परिमाण काढायची दुसरी रीत आहे. तुटलेलं क्षेत्रफळ, सरासरी सरक आणि खडकाची ताठरता यांचा गुणाकार म्हणजे भूकंपाचा आघूर्ण. त्यावरून जे परिमाण निघतं ते कुठेच तुंबत नाही. या भूकंपाचा आघूर्ण सुमारे ४ गुणिले १० चा २२ वा घात न्यूटन-मीटर, परिमाण ९.०. पण त्यासाठी शंभरेक सेकंदांचे संथ कंप स्वच्छ नोंदलेले हवेत. जपानमधले असे कंप टिपणारे संवेदनशील भूकंपमापक त्या दिवशी जवळजवळ सगळेच मर्यादेबाहेर हेलकावले आणि त्यांच्या नोंदी माथ्यावर छाटल्या गेल्या. पंधरा मिनिटांत निघायला हवं होतं ते उत्तर निघालंच नाही. ४ वाजता आकडा ८.४ झाला, साडेपाचला ८.८, आणि ९.० व्हायला १३ मार्चची दुपार उजाडावी लागली.

७.९ आणि ९.० हे आकडे शेजारी ठेवले तर फार लांब वाटत नाहीत. पण एका एककाला ऊर्जा सुमारे ३२ पटींनी बदलते. १.१ चा फरक म्हणजे जवळजवळ ४५ पट. वर्तमानपत्रांत आजही ‘९ रिश्टर’ असं छापलं जातं, जणू तो तापमापकावरचा अंश आहे. चार्ल्स रिश्टर यांची १९३५ ची मूळ पट्टी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी, एका विशिष्ट यंत्रासाठी होती आणि अशा भूकंपावर तीही अशीच तुंबली असती.

आकडा खटकला नाही याचं आणखी एक कारण होतं. तो अपेक्षेत बसत होता. मियागीच्या किनाऱ्यासमोर तीस वर्षांत साडेसातच्या आसपासचा भूकंप होण्याची शक्यता ९९ टक्के, गर्तेकडचा भागही सोबत सुटला तर ८.०, असा अधिकृत अंदाज आधीच जाहीर झालेला. ७.९ हा ‘ज्याची वाट बघत होतो तो’ भूकंप वाटला. दोनच दिवस आधी, ९ मार्चला, जवळच ७.३ परिमाणाचा भूकंप होऊन अर्धा मीटरची लाट येऊन गेली होती. ती या भूकंपाची चाहूल होती, हे नंतर उमगलं. पूर्वधक्क्याच्या कपाळावर पूर्वधक्का असं लिहिलेलं नसतं.

पाणी

आता समुद्राकडे. त्सुनामीला ‘लाट’ म्हणताना डोळ्यांपुढे वाऱ्याने उठणारी लाट येते आणि तिथून समज चुकत जाते. वाऱ्याची लाट पाण्याच्या वरच्या थरात खेळते. तिच्या खाली थोड्या खोलीवर पाणी जवळजवळ शांत असतं. इथे मात्र हजारो चौरस किलोमीटरचा समुद्रतळ काही मीटर उचलला गेला आणि त्याच्यावरचं सगळं पाणी, तळापासून पृष्ठभागापर्यंत, तेवढंच उचललं गेलं. तो फुगवटा मग दोन्हीकडे पसरायला लागतो. त्याची लांबी समुद्राच्या खोलीच्या कितीतरी पट, म्हणून त्याचा वेग फक्त खोलीवर ठरतो. गुरुत्वीय त्वरण गुणिले खोली, आणि त्याचं वर्गमूळ. चार हजार मीटर खोलीवर सेकंदाला जवळजवळ २०० मीटर, म्हणजे ताशी सातशे किलोमीटर. शंभर मीटर खोलीवर ताशी ११० च्या आसपास. दहा मीटरवर ताशी ३६, सायकलस्वाराला गाठणारा वेग. भूकंपाच्या लहरींसमोर हे गोगलगायीचं चालणं आहे, आणि त्सुनामीतून कोणी वाचतं ते या फरकामुळेच.

वेग कमी होतो तेव्हा ऊर्जा कुठे जाते? पुढचा भाग उथळ पाण्यात मंदावतो, मागचा अजून खोल पाण्यातून वेगाने येत असतो. फुगवटा आखूड होत जातो आणि उंच होतो. चार हजार मीटरवरून दहा मीटर खोलीवर येताना उंची साधारण साडेचार पट, हे साधं गणित. दरीच्या तोंडाशी पाणी चिमटलं गेलं की त्याहून जास्त. सानरिकूचा, म्हणजे होन्शूच्या ईशान्येचा किनारा अशा चिंचोळ्या खाड्यांनी भरलेला.

या प्रकरणाचा माझ्या मते सर्वांत बोलका कागद म्हणजे इवातेतल्या कामाइशी शहरासमोरच्या समुद्रात तळाशी बसवलेल्या दोन दाबमापकांची नोंद. टोकियो विद्यापीठाच्या भूकंप संशोधन संस्थेची केबल तिथून जाते. एक मापक सुमारे १६०० मीटर खोलीवर, दुसरा त्याच्यापासून तीसेक किलोमीटर किनाऱ्याच्या बाजूला, १००० मीटर खोलीवर. डोक्यावर किती पाणी आहे ते दाबावरून कळतं. पहिल्या मापकावर पाणी आधी सावकाश दोनेक मीटर चढलं. मग अचानक, दोनेक मिनिटांत, आणखी तीन मीटर. अरुंद, उभट सुळक्यासारखं. सुमारे चार मिनिटांनी तोच आकार दुसऱ्या मापकावर हजर. तीस किलोमीटर चार मिनिटांत, त्या खोलीच्या वर्गमुळाने जेवढा वेग यायला हवा तेवढाच. समुद्राने गणित चोख पाळलं.

एका लाटेवर दुसरी बसलेली, याचा अर्थ उगम दोन. सावकाश चढलेलं पाणी खोलवरच्या रुंद सांध्याच्या सरकण्यातून आलेलं. उभट सुळका गर्तेजवळच्या अरुंद पट्ट्यातून आलेला, जिथे सरक पन्नास मीटरपर्यंत गेली होती. तो पट्टा मऊ, चिकणमातीचा असल्यामुळे ताण साठवू शकत नाही, तिथे मोठी सरक होणार नाही, अशी पूर्वी बऱ्याच जणांची समजूत होती. २०१२ मध्ये ‘चिक्यू’ या जहाजाने जवळजवळ सात किलोमीटर पाण्याखाली समुद्रतळ आठशेहून अधिक मीटर छेदून त्या सांध्याचा नमुना वर आणला. पाच मीटरपेक्षाही पातळ चिकणमातीचा थर. वेगाने घासला गेला की त्यातलं घर्षण जवळजवळ नाहीसं होतं. ज्या मऊपणामुळे तो निरुपद्रवी समजला गेला, त्याच मऊपणामुळे खालून आलेली तूट तिथे अडली नाही.

आणि हे सगळं भूकंपमापकांवरच्या जलद कंपांत जवळजवळ उमटत नाही. गर्तेजवळची सरक गुपचूप होते. १८९६ मध्ये याच सानरिकू किनाऱ्यावर धक्का इतका मवाळ होता की लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. नंतर आलेल्या लाटेत सुमारे बावीस हजार माणसं गेली.

किनारा

दाबमापकांची ती नोंद त्या दुपारी इशारा देणाऱ्यांच्या गणितात येत नव्हती. त्यांना पहिला कौल दिला तो जीपीएस बसवलेल्या तरंगत्या बोयांनी. कामाइशीसमोर २०० मीटर खोल पाण्यातली बोय ३ वाजून १२ मिनिटांनी ६.७ मीटर वर उचलली गेली. तिथे ६.७, म्हणजे किनाऱ्यावर त्याच्या दुपटीहून जास्त. ३ वाजून १४ मिनिटांनी इशारा वाढवला गेला: मियागी १० मीटर किंवा अधिक, इवाते आणि फुकुशिमा ६ मीटर. साडेतीनच्या सुमारास इवातेपासून चिबापर्यंत सगळीकडे १० मीटर किंवा अधिक.

ओफुनातोच्या मापकाने ३ वाजून १८ मिनिटांनी ८ मीटर किंवा अधिक दाखवलं. मियाको ३ वाजून २६ मिनिटं. दक्षिणेकडे सोमा इथे ३ वाजून ५१ मिनिटं, ९.३ मीटर किंवा अधिक. हे ‘किंवा अधिक’ सगळीकडे आहे, कारण मापकच वाहून गेले किंवा बुडाले. सेंदाईच्या सपाट किनाऱ्यासमोरचा समुद्र लांबपर्यंत उथळ, त्यामुळे तिथे लाट तासाभराने पोहोचली. तिथे वाढवलेल्या इशाऱ्याला अर्थ उरला होता. ओफुनातोत चार मिनिटं होती.

मधल्या काळात वीज गेली होती. टीव्ही बंद, अनेक ठिकाणी ध्वनिक्षेपकही बंद. बऱ्याच लोकांनी ऐकलेला शेवटचा आकडा पहिलाच होता, ३ मीटर. ज्या गावात दहा मीटर उंचीची भिंत आहे तिथे ३ मीटर ऐकलेला माणूस वजाबाकी करतो. तारो गावात तशी भिंत होती, एकूण जवळजवळ अडीच किलोमीटर लांब, १९३३ च्या त्सुनामीनंतर उभारायला घेतलेली. पाणी तिच्यावरून गेलं. कामाइशीच्या तोंडाशी ६३ मीटर खोल पाण्यात उभारलेला, २००९ मध्ये पूर्ण झालेला लाटरोधक होता. तो फुटला, पण बंदर संशोधकांच्या गणितानुसार त्याने पाण्याची उंची सुमारे ४० टक्क्यांनी कमी केली आणि सहा मिनिटं मिळवून दिली. भिंती निरुपयोगी होत्या असं म्हणणं म्हणून सरधोपट ठरेल. अडचण ही की भिंतीची उंची कायमची लिहिलेली असते आणि लाटेची उंची अंदाजाने सांगितली जाते, पण ऐकणारा दोन्ही आकडे सारख्याच खात्रीने वापरतो.

त्यात आणखी भर पडली. ३ वाजण्याच्या सुमारास जाहीर झालं की ओफुनातोत पहिली लाट नोंदली गेली, उंची २० सेंटिमीटर. माहिती खरी होती. पण त्सुनामी म्हणजे एक लाट नव्हे, आणि पहिली सर्वांत मोठी असेलच असं नाही. ‘२० सेंटिमीटर’ ऐकून घरी परतलेल्यांची गणना कशी करणार?

कामाइशीच्या उनोसुमाई भागातल्या शेजारशेजारच्या दोन शाळांची सुमारे ५७० मुलं वाचली. त्यांच्याकडे कुठलाच आकडा नव्हता. वीज गेल्याने शाळेचा ध्वनिक्षेपक बंद पडला आणि मुलं घोषणेची वाट न बघता पळत सुटली. त्यांची शाळा धोक्याच्या नकाशावर पाण्याच्या रेषेबाहेर होती. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागची दरड ढासळताना दिसली, म्हणून ती आणखी वर गेली, आणि मग आणखी वर. सराव करताना त्यांना शिकवलं होतं की नकाशावर विसंबू नका. किताकामी नदीच्या काठची दुसरी एक प्राथमिक शाळाही नकाशाच्या रेषेबाहेर होती, समुद्रापासून चारेक किलोमीटर आत. तिथे मैदानात पाऊणेक तास गेला. १०८ पैकी ७४ मुलं गेली.

आनेयोशी नावाच्या वस्तीत जुन्या त्सुनामीनंतर उभारलेला एक दगड आहे. याच्या खाली घरं बांधू नका, असं त्यावर कोरलेलं. पाणी त्या दरीत ३९ मीटरच्या आसपास चढलं आणि दगडाच्या शंभरेक मीटर अलीकडे थांबलं. सेंदाईच्या मैदानात असा दगड नव्हता, पण मातीत नोंद होती. इ.स. ८६९ च्या जोगान त्सुनामीने आत तीन-चार किलोमीटरपर्यंत आणून टाकलेली समुद्री वाळू भूशास्त्रज्ञांनी भाताच्या शेतांखाली शोधली होती. २०११ चं पाणी जवळजवळ पाच किलोमीटर आत गेलं.

एकूण सुमारे १५,९०० मृत्यू, अडीच हजारांवर बेपत्ता. मृत्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बुडून. ९.० परिमाणाच्या हादऱ्याने थेट घेतलेले बळी त्या मानाने फारच थोडे, कारण हादऱ्यासाठी इमारती तयार होत्या. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राची कथा इथे उकलणार नाही. तिचंही मूळ हेच, ५.७ मीटरच्या हिशोबाने संरक्षण केलेल्या जागी चौदा-पंधरा मीटर पाणी. ज्या ऊर्जेचा अंदाज चुकला तिचा अंश हवाईला सात-आठ तासांत आणि चिलीला बाविसेक तासांत पोहोचला. अंटार्क्टिकातल्या सुल्झबर्गर हिमफळीचे मोठे तुकडे तिने अठराएक तासांनी मोडून समुद्रात सोडले.

मला या सगळ्यात एक गोष्ट सारखी टोचते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे तो एक निरोप होता जो ७.९ च्या गणितात वगळला गेला: वेळ. जमीन तीन मिनिटांहून अधिक काळ हलत राहिली. ७.९ चा भूकंप इतका वेळ चालत नाही. टर्रर्र आवाज थांबतच नव्हता, आणि अख्खं ठाण फाटतंय हे पायांना कळत होतं. यंत्रणा फक्त किती जोरात एवढंच विचारत होती.

त्यानंतर

मार्च २०१३ पासून हवामान संस्थेने इशाऱ्याची भाषा बदलली. भूकंप आठहून मोठा असू शकतो असा संशय आला तर पहिल्या इशाऱ्यात उंचीचा आकडाच द्यायचा नाही. त्या जागी एक शब्द: ‘प्रचंड’. संशय येण्यासाठी जोराचं हादरणं किती दूरवर पसरलंय आणि संथ कंप किती मोठे आहेत हे लगेच तपासलं जातं, आणि मोठ्या हेलकाव्यातही नोंद छाटली जाणार नाही असे मापक बसवले गेले. आकडा येतो तो साधारण पंधरा मिनिटांनी, आघूर्ण मोजून झाल्यावर. उंचीच्या आठ पायऱ्या कमी करून पाच केल्या. लहान पहिल्या लाटेची उंची सांगण्याऐवजी ‘निरीक्षण चालू’ एवढंच सांगायचं ठरलं. जपान गर्तेलगत १५० ठिकाणी दाबमापक आणि भूकंपमापक जोडणारी, साडेपाच हजार किलोमीटरहून लांब केबल समुद्रतळावर टाकली गेली. भूकंपावरून लाटेचा अंदाज करण्यापेक्षा लाट उगमाजवळच मोजायची, हा त्यामागचा विचार.

२२ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे फुकुशिमासमोर ७.४ परिमाणाचा भूकंप झाला. दूरचित्रवाणीवरचे निवेदक या वेळी चढ्या आवाजात, आज्ञार्थी भाषेत लोकांना पळायला सांगत होते. मियागी प्रांतासाठी पहिला अंदाज होता १ मीटर. ८ वाजून ३ मिनिटांनी सेंदाई बंदरात १.४ मीटर पाणी चढलं, आणि त्या प्रांताचा इशारा वाढवला गेला तो त्यानंतर.